कागद मिलचे मालक आणि प्रदूषण मंडळाचे साहेब, दोघांना मिळून एकच खुलं पत्र

नमस्कार,

कागद मिलच्या पाण्यानं नदी नासतेय, त्यावर खरं तर दोघांना दोन पत्रं लिहिणार होतो. पण मिलवाल्याला लिहिलं की तो म्हणणार मंडळाला विचारा, आणि मंडळाला लिहिलं की साहेब म्हणणार आम्ही नोटीस काढलीय, पुढचं मिलवाल्याला विचारा. म्हणून एकच लिहितोय. शेजारी शेजारी बसून वाचा, चहा मी पाजतो.

मी बॉक्सवाला. कोल्हापूरजवळ शिरोलीत छोटा कारखाना आहे, थ्री प्लाय फाईव्ह प्लायचे, म्हणजे तीन-पाच थरांचे पुठ्ठ्याचे खोके करतो, बावीस वर्षं झाली. फाउंड्रीवाल्यांचे पार्ट, इचलकरंजीचं कापड, चपला, आणि सीझन लागला की गुळाचे एक किलोचे बॉक्स. म्हणजे माझं, घरच्यांचं आणि अकरा कामगारांचं पोट खाकी क्राफ्ट कागदावर चालतं, त्यामुळे कागद मिल बंद करा असं म्हणायला मी काही बसलेलो नाही. आणि माझी सासुरवाडी शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. त्यामुळे चालू द्या जसं चाललंय तसं, हेही मला म्हणता येत नाही, दिवाळीला तिथं जेवायला जायचं असतं.

आधी माझी चूक सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आला मोठा शहाणा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मिलमध्ये कागदाचे रीळ बघायला गेलो होतो, नाव घेत नाही. संध्याकाळ होत आलेली, गाडी लागायला वेळ होता म्हणून मागच्या बाजूला गेलो तर कंपाउंडच्या खालून ओढ्यात पाणी चाललेलं, चहाच्या रंगाचं, वर फेस, आणि वास असा की भिजवलेली रद्दी आठ दिवस बंद खोलीत ठेवल्यासारखा. मॅनेजरला विचारलं तर हसला, म्हणाला बॅक वॉटर आहे हो, कागद बनताना गळलेलं पाणी, उद्यापासून आत फिरवणार आहोत. त्या मिलचा रेट बाकीच्यांपेक्षा किलोला पाऊण रुपया कमी होता. तो का कमी होता हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि कळूनही मी रीळ भरले, बिल दिलं, आणि पुढची चार वर्षं तिथलाच माल घेतला. तो पाऊण रुपया माझ्या खिशात आला तो कुणाच्या खिशातनं आला, हा हिशोब तेव्हा मी केला नाही. आता करतोय, आणि तोच तुमच्यापुढं मांडायचाय.

एक गैरसमज आधी बाजूला करूया. कागद म्हटलं की लोकांना झाडच आठवतं, व्हॉट्सॲपवर येतं बघा, कागद वाचवा झाडं वाचवा. आता आपल्या देशात जेवढा कागद बनतो त्यातला जवळपास तीन चतुर्थांश जुन्या कागदापासून, म्हणजे रद्दीपासून बनतो. आमचा क्राफ्ट तर बहुतेक सगळा रद्दीचाच. लाकडापासून करणाऱ्या मोठ्या मिल आहेत, पण १९८८ च्या वन धोरणानं त्यांना सांगितलं की जंगलाकडं बघू नका, शेतकऱ्याकडनं घ्या, म्हणून त्यांचंही बरंचसं लाकूड निलगिरी, सुबाभूळ, सुरू असं शेतात लावलेलंच असतं. त्यामुळे आमच्या धंद्यात झाड हा मुद्दा दुय्यम, खरा मुद्दा पाणी. रद्दी पल्परमध्ये घालून पाण्यात कालवायची, पिना, प्लास्टिक, टेप, वाळू बाजूला काढायची, तो लगदा जाळीवर पसरायचा, दाबायचा, वाफेच्या रोलवर सुकवायचा. बनतो कागद, पण फिरतं सगळं पाणी. आणि रद्दीतला जुना स्टार्च, खळ, शाई, बारीक तंतू, हे सगळं त्या पाण्यात उतरतं.

आता हा स्टार्च काय विष नाही, मिलवाले बरोबर हेच म्हणतात, अहो पीठच आहे ते. पीठच आहे, पण नदीत गेलं की ते सडतं आणि सडताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. बीओडी बीओडी जे म्हणतात ते हेच, घाण सडताना किती ऑक्सिजन खाणार त्याचा आकडा. कायद्यानं नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आणि मिलमधनं निघणारं कच्चं पाणी शेकड्यांत असतं. माशाला जगायला लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात नदीला प्रवाह नसतो, बंधाऱ्यात पाणी तुंबलेलं असतं, अशात हे पीठ आलं की मासा आधी तोंड वर काढतो आणि मग उलटा होतो. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच आपण सगळ्यांनी पेपरात बघितलाय, एकदा नाही, कैक वेळा.

इथं मिलवाल्यांच्या बाजूनं पण बोलतो, नाहीतर अन्याय होईल. पंचगंगेतली सगळी घाण काय कागदाची नाही. कोल्हापूर शहराची घाण आणणारा जयंती नाला कुणाचा आहे? आपलाच. कोल्हापूरचं आणि इचलकरंजीचं सांडपाणी, साखर कारखाने, डिस्टिलरी, कापडाची प्रोसेस हाऊस, काठावरची गावं, सगळ्यांनी मिळून ही नदी अशी केलीय. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, ती पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यामुळे. तेव्हा नदीकाठी फोटो काढून एका धंद्याला खलनायक करणं सोपं असतं, आणि ते मला पटत नाही. पण साहेब, दहा जण थुंकतायत म्हणून अकराव्यानं थुंकायचं असं पण नसतं ना. गुजरातेतल्या वापीच्या कागद मिलचं पाणी दमणगंगेला जातं, इकडचं कृष्णेला जातं, माझ्या रिळाबरोबर कुठल्या ना कुठल्या नदीचा थोडा हिशोब येतोच येतो.

आता मंडळाच्या साहेबांकडे वळतो.

तुमच्याकडे ताकद कमी नाही. १९७४ चा पाणी कायदा आहे, त्यात कलम ३३अ आहे, वीज-पाणी तोडून कारखाना बंद करायचा अधिकार आहे. कागद हा देशातल्या १७ अति प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या यादीत आहे, आणि २०१४ पासून अशा उद्योगांना सांडपाण्यावर ऑनलाइन मीटर बसवायला केंद्रीय मंडळानं सांगितलंय. एवढं सगळं आहे. आणि होतं काय ते मी गिऱ्हाईक म्हणून बघितलंय. मी माल घेत होतो त्या एका मिलला (वरची नव्हे, दुसरी) क्लोजर नोटीस आली, मशीन बंद, माझे दोन ट्रक रीळ अडकले, एका पंपवाल्याची ऑर्डर हातची गेली, मिलचे रोजंदारीवरचे कामगार घरी बसले. सहाएक आठवड्यांनी मिल चालू झाली. मी विचारलं काय बदललं, तर म्हणाले बँक गॅरंटी दिली. अहो पण पाणी शुद्ध करायची टाकी नवी बसली का? तिच्यात हवा मारणारा ब्लोअर बसला? माणूस ठेवला? तसं काय नाही, गॅरंटी दिली. म्हणजे त्या सहा आठवड्यांत नदीला काय मिळालं तर सहा आठवडे, बास. कामगाराचा पगार गेला, माझी ऑर्डर गेली, आणि सातव्या आठवड्यात पाणी तेच.

बंद करणं म्हणजे पर्यावरण वाचवणं नव्हे, हे मी धंदेवाला म्हणून रडगाणं गात नाही. बंद मिलकडे ट्रीटमेंट प्लांटला पैसे कुठून येणार? हप्ते थकलेला माणूस पहिली काटछाट कुठं करतो, तर जिथं गिऱ्हाईकाला दिसत नाही तिथं. त्या प्लांटचा (ईटीपी म्हणतात त्याला) ब्लोअर रात्री बंद ठेवला की वीजबिल वाचतं, आणि रात्री कोण बघतंय! तोट्यातली मिल ही नदीला सगळ्यात धोकादायक, चांगल्या नफ्यातल्या मिलपेक्षा कितीतरी जास्त. हे नदीवाल्या कार्यकर्त्यांनी पण जरा डोक्यात घ्यावं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण धंदा बुडाला की नदी तरते असं गणित नाही.

मग पैसे कुणी द्यायचे? मी देतो. म्हणजे मी आणि माझ्यासारखे सगळे.

हिशोब बघा. समजा क्राफ्ट किलोमागं एक रुपयानं महाग झाला. अर्धा किलो वजनाचा फाईव्ह प्लाय खोका असेल तर त्याला पन्नास पैसे वाढले. गुळाचा एक किलोचा छोटा बॉक्स, त्याचं वजन माझ्या काट्यावर पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं, त्याला वाढले पाच पैसे. पाच पैसे! ज्या गुळाला आपण २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून छाती फुगवतो, त्या गुळाच्या किलोमागं पाच पैसे. गिऱ्हाईकाला कळणार पण नाही. आणि दुसऱ्या बाजूला रोज पन्नास टन कागद काढणाऱ्या मिलला त्याच एका रुपयाचे रोजचे पन्नास हजार होतात, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दीड कोटी. वीज, केमिकल, तीन पाळीतली माणसं, टाकीचा हप्ता, मिलवाले हो, यात बसतं का नाही ते तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा.

मग हा एक रुपया आजवर वाढला का नाही? कारण जो पहिला वाढवेल तो मरेल. एका मिलनं प्रामाणिकपणे प्लांट चालवला आणि रेट वाढवला की आम्ही बॉक्सवाले दुसऱ्या दिवशी शेजारच्या मिलला फोन लावतो, मी पण लावलाय, वर सांगितलंच. आणि आम्हाला कंपन्यांचे परचेसवाले पैशा-पैशासाठी पिळतात, चार कोटेशन मागवतात आणि वर त्यांच्याच भिंतीवर हिरव्या पानाचं बोर्ड लावलेलं असतं, आम्ही पर्यावरणाला बांधील आहोत म्हणून. म्हणून साहेब, हे एकेकट्याच्या सद्बुद्धीवर सोडून होणार नाही. सगळ्यांना एकच तारीख द्या, इकडच्याला आणि वापीच्यालाही, म्हणजे राज्याच्या मंडळांनी केंद्रीय मंडळाच्या बरोबर बसून. एकाच दिवशी सगळ्यांचा कागद रुपयानं वाढला की कुणीच मरत नाही.

हे स्वप्न नाही, आधी झालेलं आहे. २००३ मध्ये केंद्रीय मंडळानं उद्योगांबरोबर बसून एक चार्टर केलं, त्यात छोट्या कागद मिलना सांगितलं की काळं पाणी (बगॅस म्हणजे उसाचा चोथा, तो किंवा पेंढा कॉस्टिकमध्ये शिजवल्यावर निघतं ते ब्लॅक लिकर) तीन वर्षांत सोडायचं बंद, एकतर त्यातलं केमिकल परत काढणारा रिकव्हरी प्लांट लावा नाहीतर रद्दीवर या. आणि पाणी टनाला १५० घनमीटरच्या आत. म्हणजे एक किलो कागदाला दीडशे लिटर, आज ऐकायला भयंकर वाटतं पण तेव्हा ती सुधारणा होती! बऱ्याच मिल त्यानंतर रद्दीवर आल्या, आणि आज चांगली चालवलेली रद्दीची क्राफ्ट मिल त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी पाण्यात भागवते. काही तर पाणी बाहेर सोडतच नाहीत, तेच तेच फिरवतात. त्याचा पण त्रास आहे, मला माहितीय, पाणी फिरवून फिरवून घट्ट होतं, कागदाला वास येतो, मशीनवर शेवाळासारखा चिकटा बसतो, मग तो वास माझ्या खोक्याला येतो आणि बेकरीवाला माल परत पाठवतो. फुकट काहीच नाही. पण मुदत देऊन, सगळ्यांना एकदम सांगून, रस्ता दाखवून काम होतं.

रस्त्यावरनं आठवलं, आपल्याकडचा बगॅस. कागदाचा तंतू पाच-सात वेळा फिरला की तुटून बारीक होतो, नुसत्या रद्दीवर कायम भागत नाही, कुठंतरी नवा तंतू घालावा लागतो. आणि आपल्या जिल्ह्यात उसाचा डोंगर. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो ओला बगॅस पडतो. तामिळनाडू सरकारनं १९७९ मध्ये करूरजवळ बगॅसवर चालणारी कागद मिल काढली, १९८४ पासून ती चालू आहे, साखर कारखान्यांना बॉयलरला कोळसा पुरवून बदल्यात बगॅस घेते, आणि शुद्ध केलेलं पाणी आसपासच्या शेतकऱ्यांना उपसा योजनेनं देते. आपल्याकडे काय, गुऱ्हाळावर चिपाड काहिलीखाली जातं आणि कारखान्यात बगॅस को-जनमध्ये जाऊन वीज होते. ते चूक आहे असं नाही म्हणत, विजेचे पैसे येतात म्हणून उसाला दर मिळतो, शेतकऱ्याच्या ताटातलं काढून कागद करा असं म्हणायला मी वेडा नाही. आणि बगॅस शिजवायचा म्हणजे परत ते काळं पाणी आलं, त्यातल्या सिलिकामुळे रिकव्हरी अवघड, छोट्या मिलला ते झेपत नाही. त्यामुळे बगॅसचा कागद करा म्हणजे पर्यावरण वाचलं, असं भाषणात म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. करायचं तर मोठं, रिकव्हरीसकट, नाहीतर नको.

आता सरकारचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, खोक्यावर १२ चा ५ टक्के केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या कच्च्या मालावर, क्राफ्टवर, १२ चा १८. म्हणजे मी कागद घेताना १८ भरतो, खोका विकताना ५ घेतो, मधले पैसे क्रेडिटमध्ये अडकतात, रिफंडच्या मागं सीएचा फोन लावत बसायचं. बॉक्सवाल्याचं खेळतं भांडवल असं अडकलं की तो काय करतो? सगळ्यात स्वस्त कागद शोधतो. आणि सगळ्यात स्वस्त कागद कुठं मिळतो ते पहिल्याच गोष्टीत सांगितलंय. कर ठरवणाऱ्यांना नदी दिसत नाही, नदी बघणाऱ्यांना कर दिसत नाही, आणि दोन्ही आमच्याच अंगावर.

तशी आमच्या धंद्याला बाहेरनं कुणीही टपली मारतं. १ जानेवारी २०२१ पासून चीननं रद्दी घ्यायचं बंद केलं, तिकडे माल कमी पडला, आपल्या मिलनी रीळ करून तिकडे पाठवले आणि इथं क्राफ्टचा भाव असा चढला की सकाळचा रेट संध्याकाळी राहत नव्हता. तेव्हा किलोला कितीतरी रुपये वाढले आणि आम्ही मुकाट्यानं दिले. चीनसाठी देता आले, पंचगंगेसाठी एक रुपया देता येत नाही होय?

लोकांनाही दोन शब्द, पत्र खुलं आहे म्हटल्यावर. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, सगळे कागदाकडे वळले, बरं झालं, आमचा पण धंदा वाढला, खोटं कशाला बोलू. पण चहाचा कागदी कप आतनं प्लास्टिकचाच असतो, लग्नाची चकचकीत पत्रिका लॅमिनेशनची असते, आणि रद्दीत आपण दुधाच्या पिशव्या, भाजीची देठं, काल रात्रीच्या बिर्याणीचा डबा सगळं एकत्र देतो. ओली घाण रद्दी मिलमध्ये गेली की तंतू कमी, गाळ जास्त, प्लास्टिकचा ढीग जास्त, आणि तो ढीग कुठं जातो हे विचारायला कुणी जात नाही. पेपर कोरडा, बांधून, वेगळा दिला तर रद्दीवाला दोन रुपये जास्त देतो, तेवढं तरी बघा.

मग माझं मागणं काय. मिलच्या गेटवर बोर्ड लावा, मोठा, पेट्रोल पंपावर भाव दिसतो तसा. आज किती पाणी घेतलं, किती सोडलं, बीओडी किती, सीओडी (केमिकलनं मोजलेली तीच घाण) किती. ऑनलाइन मीटरचा आकडा मंडळाच्या सर्व्हरला जातोच, तो गेटवर दाखवायला काय हरकत आहे? रीळ न्यायला आलेला माझ्यासारखा माणूस तो वाचेल, गावातलं पोरगं मोबाईलवर फोटो काढेल, आणि मीटर रात्री बंद पडला तर तेही दिसेल. मंडळानं नोटीस द्यायची तर नोटिशीत नुसतं बंद करा असं नको, अमुक तारखेपर्यंत अमुक टाकी, अमुक ब्लोअर, असं लिहा, आणि तोवर उत्पादन अर्ध्यावर आणा पण माणसं घरी बसवू नका. छोट्या मिल जवळजवळ असतील तिथं मिळून एक प्लांट करू द्या. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना मशीन बदलायला केंद्राच्या टफ योजनेतनं व्याजाची सवलत मिळाली होती, तशी ईटीपीच्या कर्जाला द्या. आणि ज्याचा बोर्ड वर्षभर चांगला राहिला त्याला कन्सेंट रिन्युअलला, म्हणजे मंडळाचा परवाना पुढं चालू करायला, खेटे घालायला लावू नका, प्रामाणिक माणसाला सगळ्यात जास्त खेटे पडतात हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

आमच्या बाजूनं मी एक करतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले ओळखीचे बॉक्सवाले आहेत, त्यातल्या सात जणांशी मी बोललोय. बोर्ड लावणाऱ्या मिलचा माल किलोला एक रुपया जास्त देऊन घ्यायचा, तीन महिन्यांची ऑर्डर आधी लेखी द्यायची, आणि उधारी पंचेचाळीस दिवसांच्या वर न्यायची नाही. चौघं हो म्हणाले, दोघं बघू म्हणाले, एकानं शिवी दिली. महिन्याला चौघांचा मिळून माल फार नाही, मला माहितीय, पण एखाद्या छोट्या मिलला सुरुवात करायला पुरेल.

मागच्या उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो होतो. मेव्हणा सकाळी मोटर चालू करायच्या आधी नदीवर जातो, ओंजळीत पाणी घेऊन वास बघतो, आणि मग ठरवतो आज पाणी पाजायचं का नाही. ऊस असेल तर पाजतो, भाजीपाला असेल तर नाही. मी त्याला म्हटलं बीओडीचा आकडा आता मोबाईलवर बघता यायला पाहिजे. तो म्हणाला दाजी, आकडा राहू दे, सोडायच्या आधी एक फोन करायला सांगा, मी मोटर बंद ठेवतो.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. कोणाला पाहिजे असेल तर कळवा, पाठवतो.

आपला,
एक बॉक्सवाला
शिरोली, कोल्हापूर